लेकरं गावात थांबली, त्यांच्या संध्याकाळचं काय?

प्रति,
नागपूर जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षण आणि महिला-बालकल्याणाचा कारभार पाहणारे सर्व अधिकारी व पदाधिकारी यांस

सप्रेम नमस्कार.

मी जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत सहायक शिक्षिका आहे. नोकरीला १९ वर्षं झाली. शाळेचं आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्या लेकरांबद्दल लिहिणार आहे ती एवढ्याशा गावात लगेच ओळखू येतील. भिवापूर-कुहीच्या पट्ट्यातलं कुठलंही धानाचं गाव डोळ्यांपुढं आणा, काम भागेल.

दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते तेव्हा आमचं गाव पाहुण्यारावळ्यांनी फुललेलं असतं. धान कापून, मळून घरात आला की संक्रांतीच्या आगेमागे ते ओसरायला लागतं. माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात, खम्मम-वरंगलकडे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियातून दरवर्षी मोठ्या संख्येनं मजूर जातात, आमच्याकडूनही गाड्या भरतात. भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि त्याच शिवारातल्या बाया दुसऱ्याची मिरची तोडायला परराज्यात जातात, याचं मला फार वाईट वाटतं. पण इथं त्या मिरचीचा पेरा घटला आणि धानानंतर हाताला काम उरत नाही. तोडणीचा हिशेब वजनावर होतो. हात जितके जास्त तितका पैसा जास्त, म्हणून नवरा-बायको जोडीनं जातात. होळीला, कधी पाडवा उलटल्यावर परत येतात. सोबत रोख पैसा असतो, घरात वर्षभर पुरेल एवढी मिरची असते. त्या पैशावर कर्ज फिटतं, लग्नं होतात, खरिपाचं बियाणं येतं. त्यांनी जाऊ नये असं सांगायचा मला अधिकार नाही आणि मी तसं सांगतही नाही. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली देशात सगळ्यांत आधी आपल्या महाराष्ट्रानं केला. जानेवारी ते मार्च गावातच काम निघालं आणि मजुरी वेळेवर हातात पडली तर निम्म्या गाड्या रिकाम्या जातील, एवढं मात्र मला दिसतं. तो विषय माझ्या आवाक्याबाहेरचा आहे. मला बोलायचं आहे ते मागं राहिलेल्या लेकरांबद्दल.

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली गोष्ट. शाळा साडेदहाची. मी नागपूरहून उमरेडमार्गे बसनं येते, दहाच्या सुमारास पोचते. त्या दिवशी तिसरीतला एक मुलगा कुलूपबंद वर्गाच्या पायरीवर बसलेला होता. स्वेटर उलटा घातलेला, केसांना तेल नाही, दप्तर नाही. मला बघून उठला नाही. म्हणाला, "बाई, माही माय कुठं गेली?"

मला माहीत होतं. अख्ख्या गावाला माहीत होतं. मुकादमाची पिकअप रात्री तीनला येऊन गेली होती. आईनं झोपलेलं पोर उचलून आजीच्या अंथरुणात ठेवलं आणि ती गाडीत जाऊन बसली. पुढं फोनवर ती मला म्हणाली, "जागा असता तं सोडलं नसतं त्यानं बाई. रडून रडून जीव देल्ला असता. म्हून झोपेतच ठेवून आलो."

यात त्या आईला बोल लावू नका. आमच्याकडे जवळपास सगळेच असं करतात. लेकराचं रडणं बघून पाय निघत नाही, म्हणून लेकरू झोपलं की निघायचं. पण त्या मुलानं त्या रात्रीतून एकच गोष्ट मनात धरली. आपण झोपलो की माणसं जातात. त्यानं झोपायचंच सोडलं. आठवड्यानं मी त्याच्या घरी गेले तेव्हा आजी म्हणाली, "रातभर टुकूरटुकूर पाह्यत राह्यते. डोया लागला का दचकून उठते." मग तिनं मला आपल्या लुगड्याचा पदर दाखवला. एक टोक गाठी मारून मारून दोरीसारखं झालं होतं. रात्री तो ते टोक आपल्या मनगटाला बांधून घ्यायचा. आजी अंगणात जायला उठली तरी त्याला कळावं म्हणून.

आणि त्याला गावात ठेवा, असं त्या आईला मीच सांगितलं होतं.

हे लिहिताना माझा हात अडखळतो, पण ते लिहिल्याशिवाय या पत्राला अर्थ नाही. डिसेंबरमध्ये आम्ही शिक्षक घरोघर फिरतो. लेकराला सोबत नेऊ नका, आजीजवळ ठेवा, शाळा बुडते, असं हात जोडून सांगतो. २०२२ च्या जुलैमध्ये शाळाबाह्य मुलं शोधायचं 'मिशन झिरो ड्रॉपआउट' झालं तेव्हाही फिरलो. बालरक्षक, म्हणजे मुलांना शाळेत टिकवण्याची जबाबदारी घेतलेले शिक्षक, म्हणून फिरलो. जी मुलं जातातच त्यांचं शिक्षण हमी कार्ड भरून देतो, म्हणजे जातील तिथल्या शाळेत त्यांना बसता यावं. हे सगळं योग्यच आहे आणि मी त्यातला एक शब्दही मागं घेत नाही. मिरचीच्या शेतात गेलेलं पोर मी पाहिलं आहे. बोटांची आग होते म्हणून ते रात्री हात पाण्यात बुडवून बसायचं. अक्षर विसरून परत यायचं. त्याला गावात थांबवणं बरोबरच होतं. मात्र थांबवल्यावर त्याला कोण सांभाळणार, हे आम्ही ठरवलं नव्हतं. आजी आहे ना, एवढं म्हणून आम्ही पुढच्या घरी गेलो.

त्या मुलाची त्या तीन महिन्यांतली हजेरी जवळपास पूर्ण भरली. माझ्या कागदांवर तो शाळाबाह्य नव्हता आणि स्थलांतरितही नव्हता. आमच्या नोंदीत स्थलांतर करणाऱ्या मुलाला रकाना आहे. ज्याचे आईबाप स्थलांतर करतात आणि जो स्वतः जागेवर राहतो, त्याला कुठलाच रकाना नाही.

तेव्हापासून मी बघायला शिकले. जानेवारी ते मार्च या काळात सोमवारी पोटं जास्त दुखतात, कारण रविवारी शाळा नसते आणि पूर्ण दिवस रिकाम्या घरात जातो. एक मुलगा दुपारी खिचडी तीनदा वाढून घ्यायचा आणि मागं जाऊन ओकायचा. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंच्या ते आधी लक्षात आलं, माझ्या नंतर. पहिलीतली मुलगी, जिला चांगलं सांगता यायचं, ती परत वर्गात चड्डी ओली करायला लागली. पाचवीतला एक जण कोणी नुसतं "तुही माय" म्हटलं तरी अंगावर धावून जायचा. आणि एकानं मला अगदी हळू आवाजात सांगितलं, "म्या मोबाइल फोडला ना बाई, म्हून गेले ते." लहान मूल असंच जोडतं. माणूस गेलं म्हणजे आपलंच काही चुकलं असणार. त्याला कोणी खरं कारण सांगितलेलं नसतं, म्हणून ते स्वतःच एक कारण शोधून काढतं आणि तीन महिने ते उराशी धरून बसतं.

आपण म्हणाल, आता फोन आहेत. आहेत. त्या आजीच्या घराच्या दारावर आतल्या बाजूनं कोळशानं मुकादमाचा नंबर लिहिलेला आहे. आईजवळ स्वतःचा फोन नसतो, बापाचा फोन शेतात लागत नाही, आजीच्या बटणाच्या फोनचं रिचार्ज महिन्याच्या मध्येच संपतं. कधी तरी रात्री फोन येतो. तीन मिनिटांत चार माणसांनी बोलायचं असतं. लेकराच्या वाट्याला येतं ते, "जेवला काय? शाळेत जाते ना? आजीले तरास देऊ नको." मी एकदा समोर होते. मुलानं फोन कानाला लावला आणि प्रत्येक प्रश्नाला नुसती मान डोलावली. तिकडं आई "हॅलो, हॅलो, बोल ना बाबू" करत राहिली. तिला ती मान दिसत नव्हती.

मोठ्या मुलींबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण त्या रडत नाहीत आणि म्हणून कोणाला दिसत नाहीत. सहावीतली एक मुलगी दुसऱ्या तासाला डुलक्या घ्यायची. मी तिला सगळ्यांदेखत रागावले. ताईंनी दुपारी मला बाजूला घेऊन सांगितलं, की ती पहाटे उठून चूल पेटवते, आजीला दिसत कमी आहे, दोन भावांची आंघोळ-जेवण करून शाळेत येते. तिच्या गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर मीठ, तेल, साबण, भावाची गोळी असा हिशेब होता, आणि तो अगदी बरोबर होता. मार्चअखेर आई परत आली तेव्हा धाकटा तिच्याकडं गेला नाही, बहिणीच्या मागं लपला. आई दारातच खाली बसली. ती मुलगी पुढंही कितीतरी दिवस चूल सोडायला तयार नव्हती. ११ वर्षांच्या पोरीला परत लेकरू होता येईना. आईला स्वतःच्या घरात पाहुणीसारखं वाटलं, असं तिनंच मला सांगितलं.

जी मुलं सोबत जातात त्यांचं सगळं सुखाचं असतं असंही नाही. माझी पहिली नेमणूक कामठीच्या बाजूला होती. तिथल्या वीटभट्ट्यांवर छत्तीसगड आणि बालाघाटकडून आलेली कुटुंबं असत. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ९ नं स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांचा शाळाप्रवेश पाहण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे, म्हणून आम्ही भट्टीवरून मुलं आणून वर्गात बसवत असू. एक मुलगी दोन महिने बोललीच नाही. मी तिला मतिमंद समजले होते. मग भट्टीवरची एक बाई आली आणि तिच्याशी छत्तीसगढीत बोलायला लागली, तेव्हा त्या पोरीनं तिचा हात धरून जे बोलायला सुरुवात केली ते शाळा सुटेपर्यंत. शहरातही हेच आहे. वर्धा रोड, बेसा, बेलतरोडीकडच्या बांधकामांवर वाळूच्या ढिगाऱ्यावर खेळणारी लेकरं आपण सगळे जातायेता पाहतो. ५० पेक्षा जास्त महिला कामगार असतील तिथं पाळणाघर हवं, असं बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात म्हटलं होतं. त्यावर माझ्यापेक्षा जाणकार माणसं लिहितील. मी माझ्या गावाकडं परत येते.

गेल्या वर्षी आम्ही शाळेत थोडं वेगळं करून पाहिलं. डिसेंबरच्या पालकसभेत मी एकच विनंती केली. सांगून जा. झोपेत सोडून जाऊ नका. लेकरू रडेल, रडू द्या. त्याला जवळ घेऊन सांगा की कुठं जातो, का जातो, तू काही केलं म्हणून जात नाही, आणि कधी येतो. आपलं एखादं वापरातलं लुगडं, शर्ट त्याच्याजवळ ठेवा, धुऊन ठेवू नका. मुकादमालाही आम्ही भेटलो. रात्री तीनची गाडी सकाळी सातला काढ म्हटलं. त्याला पटलं नव्हतं, पण सरपंचांनी शब्द टाकला आणि तो तयार झाला. त्या सकाळी गाव अक्षरशः रडलं. मी आदल्या रात्री मुक्कामाला थांबले होते. इतकी रडारड बघून मला वाटलं, आपण हे काय करून बसलो.

पण त्यानंतरच्या रात्री मुलं झोपली. सगळी नाही, बरीचशी. वर्गात "माही माय मिरचीले गेली, होळीले येईन" असं ती एकमेकांना सांगायला लागली. आधी हा शब्दच कोणी काढत नसे. प्रत्येकाला मी एक डबा दिला होता आणि त्यात चिंचोके मोजून घातले होते, मुकादमानं सांगितलेल्या दिवसांएवढे. रोज शाळेत आल्यावर एक चिंचोका काढायचा. डबा रिकामा झाला की आईबाप येणार.

तिकडं माल जास्त निघाला आणि मुकादमानं माणसं १२ दिवस जास्त ठेवून घेतली. आम्हाला कोणी कळवलं नाही. डबे रिकामे झाले आणि कोणी आलं नाही. तो पदराला गाठ मारणारा मुलगा आता पाचवीत होता. त्यानं रिकामा डबा माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाला, "बाई, अजून टाका." मी किती टाकू, हे मला माहीत नव्हतं.

म्हणून हे पत्र. चिंचोके आणि डबे एका बाईच्या पर्समधून येऊ शकतात, त्याच्या पुढचं येऊ शकत नाही.

मला सगळ्यांत आधी त्यांची संध्याकाळ हवी आहे. शाळा पाचला सुटते आणि आम्ही शिक्षक बस गाठतो. मीही गाठते, नागपुरात माझी स्वतःची मुलं वाट बघत असतात. पाचपासून झोपेपर्यंतचा वेळ त्या लेकरांना सगळ्यांत जड जातो, आणि त्या वेळेला गावात त्यांचं म्हणावं असं कोणी नसतं. राज्यात ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. मूल गावातच राहतं आणि त्याच्या जेवणाची व्यवस्था होते. मिरचीचा हंगाम त्या साच्यात बसवा. आमच्याकडे त्यासाठी इमारत नको आहे. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई किंवा अंगणवाडीच्या मदतनीस यांना जानेवारी ते मार्च मानधन द्या. संध्याकाळी दोन तास शाळेची पडवी उघडी राहू द्या. दिवा असेल, गरम भात असेल, आणि आज काय झालं हे विचारणारं एक माणूस असेल. ग्रामपंचायतीला उत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात; त्यातला काही भाग या तीन महिन्यांसाठी राखून ठेवा असं आपण कळवलं, तर कुठलाही सरपंच नाही म्हणणार नाही असं मला वाटतं.

त्याच पडवीत एक फोन ठेवा, चेहरा दिसणारा, रिचार्ज शाळेकडं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. त्यासाठी गाडी निघायच्या आधी मुकादमाचं नाव, नंबर, कुठल्या गावच्या शेतात माणसं नेतो आहे आणि कधी परत आणणार, हे ग्रामपंचायतीत लिहून घेतलं जावं. दिवस वाढले तर त्यानं कळवलं पाहिजे. ही नोंद आजारपणाला, अपघातालाही उपयोगी पडेल.

आमच्या हजेरीपटाला एक रकाना जोडा. आईबाप बाहेर, लेकरू कोणाजवळ. वरिष्ठांना ती संख्या दिसली तरच पुढचं काही होईल. सहावी-सातवीच्या मुलींच्या नावापुढं हा रकाना भरलेला दिसला, तर माझ्यासारखी एखादी बाई रागवायच्या आधी थांबेल.

आणि आम्हाला शिकवा. वाचन कसं शिकवावं, संख्याज्ञान कसं द्यावं याची प्रशिक्षणं आम्ही घेतो आणि त्यांचा उपयोग होतो. पण आई कुठं गेली, असं विचारणाऱ्या मुलाशी काय बोलावं, हे मला कुठल्याच प्रशिक्षणात कोणी सांगितलं नाही. झोप न येणारं मूल किती दिवसांनी डॉक्टरकडं न्यावं, तेही नाही. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आहेत, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथली जाणकार माणसं डिसेंबरच्या आणि जानेवारीच्या शिक्षण परिषदेला आमच्या केंद्रात दोन तास आली तरी खूप झालं. फक्त शिक्षकांसाठी नको. ताई, अंगणवाडी सेविका, आशा आणि हो, आज्यासुद्धा तिथं बसलेल्या असू द्या. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठीचा टेलिमानसचा १४४१६ आणि मुलांसाठीचा १०९८ हे नंबर शाळेच्या भिंतीवर रंगवता येतील. पण आठ वर्षांचं मूल आजीच्या बंद फोनवरून ते लावणार नाही. त्याच्या वतीनं लावणारं मोठं माणूस आधी तयार करावं लागेल.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमची पालकसभा आहे. दिवसा खळ्यावरून कोणी मोकळं होत नाही म्हणून ती संध्याकाळी सातला ठेवतो. आपल्यापैकी कोणीतरी या सभेला यावं अशी मनापासून विनंती आहे. नागपूरला परतायची शेवटची बस त्याआधीच निघून गेलेली असते, तेव्हा मुक्कामाच्या तयारीनं यावं. मीही त्या रात्री गावातच आहे. ताईंच्या घरी दोन खाटा रिकाम्या असतात, जेवणाची सोय होईल. गाडी कधी निघणार ते मुकादमाला विचारून मी आपल्याला आधी कळवते.

आपली,
एक सहायक शिक्षिका
जिल्हा परिषद शाळा, नागपूर जिल्हा